आंबिया बहाराची एक फोड

डायलिसिसच्या खोलीत आमचे डोळे यंत्रावर असतात. रक्त मिनिटाला 250 ते 300 मिली, रक्त धुणारं द्रावण 500 मिली, शिरेतला दाब, किती पाणी निघालं, किती राहिलं. चार तास हेच. पेशंटचा बीपी पडायला लागला की पायात गोळे येतात, जांभया येतात. त्या जांभया पडद्यावर दिसत नाहीत, चेहऱ्याकडेच बघावं लागतं.

फिस्टुला तर मी हातानेच तपासते. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडली की शीर फुगते, जाड होते, आणि वर बोटं टेकवली की मांजराच्या गळ्यासारखी घुरघुर लागते. आम्ही तिला थ्रिल म्हणतो. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांनी 1966 मध्ये ही जोडणी जगापुढे मांडली. थ्रिल मंदावली की काहीतरी अडतंय हे बोटांना कळतं. काही डॉक्टर फाइल चाळतात आणि हाताला न शिवता पुढच्या खाटेकडे जातात. मला ते कधीच पटलं नाही.

आमच्याकडे काटोलच्या बाजूचे एक काकाजी येतात. संत्र्याची बाग आहे. आणि संत्रं त्यांना बंद आहे. 100 ग्रॅम संत्र्यात दीडशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. किडनी ते बाहेर टाकू शकली नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस बसल्याजागी जाऊ शकतो. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळावा, पाणी फेकून द्यावं, म्हणजे पोटॅशियम बरंच उतरतं. संत्र्याला हा उपाय नाही. पथ्याच्या छापील कागदावर ‘संत्री टाळा’ एवढंच असतं. ज्याने झाडं लहानाची मोठी केली त्याला हे कसं सांगायचं, त्याचा विचार तो कागद लिहिणाऱ्याने केलेला नाही.

नोव्हेंबरमधली गोष्ट. काकाजींच्या सुया काढल्या, दाबून धरलं, रक्त थांबलं, वजन केलं. मग ते बाहेरच्या बाकावर बसले. आत पुढच्या पाळीची घाई होती. खाट लवकर रिकामी करा, हा आमच्याकडचा कायमचा घोष. मी डबा खायला बाहेर आले होते. काकाजींनी पिशवीतून एक संत्रं काढलं. आंबिया बहाराचं, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुलून हिवाळ्याच्या तोंडाशी पिकणारं, अजून देठाशी हिरवट. सोलून एक फोड माझ्यापुढे धरली.

“खाऊन पाह्य न बाई. अन् सांग मले, कसं लागून राहिलं ते.”

मी तोंडात टाकली आणि म्हटलं, “छान आहे, गोड आहे.”

“तसं नाही. हळू खाय. आधी आंबट आलं का गोड? मांगून काय राह्यते?”

दुसरी फोड मी डोळे मिटून खाल्ली. जन्म नागपुरात गेला, हिवाळ्यात घरात संत्र्यांची रास असते, आणि इतकं थांबून एकही फोड मी आजवर खाल्ली नव्हती. आधी आंबट लागलं, लगेच गोड आलं, आणि शेवटी चव सुटून गेली, नुसता रस उरला.

“मागून पाणचट वाटतं, काकाजी.”

बाकावर पुढच्या पाळीचे पेशंट होते. त्यांना पाणीही मोजून प्यावं लागतं. कोणी बोलेना, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एकाचा मुलगा मोबाइल काढून शूटिंग करू लागला, तर त्याच्या वडिलांनी त्याचा हात खाली केला. बरं केलं.

काकाजींनी तिथूनच पोराला फोन लावला. “पाणी बंद कर. तोड आठ दिवस पुढं ढकल. व्यापाऱ्याले मी सांगतो.” मग सालं पिशवीत भरली, बोटं नाकाशी नेली आणि गेले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. कळमन्याच्या बाजारातला भाव आठ दिवसांत कुठल्या कुठे जातो, आणि त्यांनी तो माझ्या जिभेवर सोडला. मला संत्र्यातलं काय कळतं? पण ते मला नीट विचारत होते आणि मी नीट सांगत होते, एवढं खरं. चार तास उशाशी उभी राहूनही त्यांच्याशी माझं असं बोलणं कधी झालं नव्हतं. आमच्या पाळ्यांच्या वेळापत्रकात त्याला जागाच ठेवलेली नाही, आणि याचा मला राग येतो.

काही डॉक्टर पथ्यात न बसणारा एखादा घास डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या तासात चालवून घेतात. काकाजींचा पोटॅशियमचा रिपोर्ट या आठवड्यात येईल. बरा असला तर एका फोडीचं डॉक्टरांना विचारणार आहे. सोलून मी देईन, कारण त्यांचा एक हात सुयांमध्ये असतो. काकाजी हो म्हणतील की नाही, सांगता येत नाही.