गोदावरीच्या काठाने, तेलुगू शेतकऱ्यांच्या म्हणींमागे

नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने निघालं की धर्माबादनंतर बासर येतं, मग गोदावरीचा पूल आणि पुढे निजामाबाद. खिडकीबाहेर फारसं काही बदलत नाही. काळं रान तेच, सोयाबीन-कापूस तोच. म्हणींचंही तसंच. ‘कंचे चेनु मेसिनट्टु’ म्हणजे आपलं कुंपणानेच शेत खाल्लं. ‘इल्लु कट्टि चूडु, पेळ्ळि चेसि चूडु’ म्हणजे घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. कोणी कोणाकडून उचलली, या वादात मला रस नाही. शेतीच्या म्हणी मात्र त्या-त्या मातीत उभं राहूनच ऐकाव्यात, एवढ्यासाठी बासर ते कोनसीमा, म्हणजे आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळचा भातपट्टा, हा रस्ता धरला.

तेलुगू शेतकऱ्याचं पंचांग कार्त्यांवर चालतं. कार्ते म्हणजे आपलं पावसाचं नक्षत्र. १३-१४ दिवसांचं एकेक. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते. ‘रोहिणि कार्ते एंडलकु रोळ्ळु पगुलुतायि’, रोहिणीच्या उन्हाने उखळं तडकतात. उखळ दगडी, हे लक्षात घेतलं तर उन्हाचा अंदाज येईल. या उन्हाचा शेताला उपयोगच होतो: नांगरलेल्या रानात तणाची मुळं आणि किडींचे कोष वर येऊन भाजून निघतात. बोअर असलेल्यांनी भाताची रोपं रोहिणीतच टाकावीत, असंही तेलंगणात सांगतात. खरीप लवकर उरकला तर ‘यासंगी’चा, म्हणजे रब्बीचा भात वेळेवर लागतो आणि मार्च-एप्रिलच्या गारपिटीत सापडत नाही.

८ जूनच्या आसपास मृग लागतो. त्या दिवशी तेलंगणात घरोघर मासे शिजतात. न खाणारे गुळात हिंग घालून तो खातात. ‘मृगशिर कुरिस्ते मुसलि एद्दु कूडा रंके वेस्तुंदि’, मृग बरसला की म्हातारा बैलसुद्धा डरकाळी फोडतो. म्हण झकास आहे, पण घात होतो तोही इथेच. पहिल्या सरीवर कापूस टोबायचा आणि मग पंधरवडाभर पाऊस गायब! बी उगवतं, वरचा पातळ ओलावा संपतो आणि कोंब जळतात. सरकी पुन्हा विकत घ्यायची, मजुरी पुन्हा मोजायची. म्हणून तांबड्या हलक्या ‘चल्का’ जमिनीत ५० ते ६० मिलिमीटर आणि काळ्या रेगडीत ६० ते ७५ मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय पेरू नये, हा तिथला हिशोब.

पर्जन्यमापक नसेल तर मूठ आहेच. चार बोटं खालची माती काढून मुठीत दाबायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडायची. गोळा पडून फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. तसाच राहिला तर अजून ओल जास्त. अशा रानात तिफण घातली तर माती फाळाला चिकटते, ढेकळं होतात, बी उघडं पडतं. गोळा वळलाच नाही तर थांबायचं. ‘अदनेरिगि सेद्यं, पदुनेरिगि पैरु’ ही म्हण एवढंच सांगते: वेळ ओळखून मशागत, वाफसा ओळखून पीक. मला विचाराल तर सगळ्या तेलुगू शेती-म्हणींत हीच अव्वल. बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच लेकी.

करीमनगर, वरंगळकडे सरकलो की तलाव सुरू होतात. रामप्पा, पाखाल, लकनवरम हे मोठे, काकतीयांच्या काळातले; शिवाय गावोगावचे लहान, एकाचा सांडवा दुसऱ्यात असे साखळीने बांधलेले. ‘मख पुब्बलु वरुपैते महा एत्तैन क्षामं’, मघा आणि पूर्वा कोरड्या गेल्या तर मोठा दुष्काळ. १७ ऑगस्ट ते साधारण १३ सप्टेंबर. कापूस पात्या-फुलांवर (पाती म्हणजे कळी) असतो, ताण बसला तर पाती गळते. पण म्हणीतला ‘मोठा’ तलावामुळे येतो. या चार आठवड्यांत तलाव भरला नाही तर खरिपाच्या पाण्याच्या शेवटच्या पाळ्या जातात, यासंगी भात जातो आणि विहिरींचं पाणीही खाली जातं. आपण ‘पडल्या मघा, नाहीतर वरती बघा’ म्हणतो. तिथे वर बघून झालं की बांधावर जाऊन तलाव बघतात.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा लागतो आणि पावसाच्या म्हणी मागे पडतात. आर्थर कॉटन या ब्रिटिश इंजिनिअरने १८४७ ते १८५२ मध्ये मूळ बंधारा बांधला. त्याचे पुतळे इथे जागोजागी आहेत. इथली लाडकी म्हण ‘नारु पोसिन वाडु नीरु पोयडा’: ज्याने रोप टाकलं तो पाणी देणार नाही का? देवावरचा भरवसा खरा, पण रोप टाकणाऱ्याचं कामही बघा. एकराच्या लावणीला ५ सेंट (सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग) रोपवाटिका आणि २० ते २५ किलो बी. बी २४ तास भिजवायचं, २४ तास ओल्या गोणपाटात दडपायचं, मोड आले की चिखलाच्या वाफ्यावर फेकायचं. वाफ्यात पाणी साचू दिलं तर बी कुजतं. २५-३० दिवसांचं रोप उपटून, चिखल बसल्यावर २-३ सेंटिमीटरच खोल लावायचं; खोल गेलं तर फुटवे कमी येतात. कालव्याचं पाणी लांबलं आणि रोप म्हातारं झालं तरीही तेच. मग दाट लावणं, एका चुडात चार-पाच रोपं, एवढाच इलाज.

आणि पाणी मिळूनही भागत नाही. २०११ च्या खरिपात कोनसीमाच्या शेतकऱ्यांनी जमिनी मुद्दाम पडीक ठेवल्या. खर्च निघेल असा भाव नव्हता आणि तुंबलेल्या निचऱ्याच्या चाऱ्यांमुळे भात बुडत होता. पाणी देणाऱ्याने ते काढूनही न्यावं, असं या म्हणीत कुठे आहे?

रावुलपालेमचा केळीबाजार ओलांडून अमलापुरमकडे जाताना ऑक्टोबरअखेर दोन्ही बाजूंना पिवळा भात उभा दिसतो. तेव्हा आपलं ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ तिथे कोणाला सांगू नका. स्वातीचा पाऊस मराठवाड्याच्या शाळूला जीव देतो. इथे तोच बंगालच्या उपसागरातून वादळ होऊन येतो आणि पिकलेला भात आडवा करतो. लोंब्या पाण्यात पडल्या तर जागच्या जागी मोड येतात. मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून लोंब्यांवर फवारतात, चाऱ्या उघडून पाणी काढतात आणि आडवी पडलेली चार-पाच चुडं एकत्र बांधून उभी करतात.