आमची वाटचाल: छताला चिकटवलेले डबे आणि आम्ही

पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका पोटमाळ्यावर मी आणि माझा मामेभाऊ, आम्ही दोघांनी सुरू केलेला धंदा. आधी इंटरकॉम, सीसीटीव्ही, मिळेल ते काम. मग राज्याचा २००६ चा फायर सेफ्टीचा कायदा लागू झाला, सोसायट्यांना दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं लायसन्सवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट, लागायला लागला आणि एकदम सगळ्यांना फायर अलार्मवाले हवे झाले. आम्ही आधी दुसऱ्या एजन्सीखाली सबकॉन्ट्रॅक्टवर राबलो, लायसन्स नंतर झालं. पुढची काही वर्षं कामं येत गेली, बिलं निघत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते वाकडच्या कामाचं. मोठा प्रोजेक्ट, पहिला फेज आम्ही केला, कन्व्हेन्शनल पॅनल (इमारतीचे भाग, म्हणजे झोन पाडून प्रत्येकाची वेगळी वायर), प्रत्येक फ्लॅटमध्ये पॅसेजला फोटोइलेक्ट्रिक स्मोक, म्हणजे उजेडाने धूर ओळखणारा डिटेक्टर, किचनला हीट, म्हणजे उष्णतेवर वाजणारा. दुसऱ्या फेजला एका दुसऱ्या एजन्सीचं आमच्या निम्म्या रेटचं कोटेशन आलं आणि काम त्यांना गेलं, नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. वर त्यांनी बिल्डरला सांगितलं की आमचे डिटेक्टर उगाच वाजतात. वाजत होते, कारण पीओपी चालू असताना साइटवाल्यांनी डस्ट कॅप काढून टाकल्या आणि चेंबरमध्ये पांढरी धूळ जाऊन बसली. धुरावर जो इन्फ्रारेड उजेड विखुरतो तोच धुळीवर पण विखुरतो, डिटेक्टर बिचारा वाजणारच. पण ऐकतो कोण, रिटेन्शन (काम संपेपर्यंत राखून ठेवलेले पैसे) सोडा, रनिंग बिल पण अडकवलं. केबलवाल्याला दिलेला चेक बाऊन्स झाला, पोरांचा पगार थकला, मामेभावाने वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्याने आजवर एकदाही त्यावरून टोमणा मारला नाही, वहिनी मारतात आणि त्यांचं बरोबर आहे.

मग दुसऱ्या फेजमध्ये एका फ्लॅटमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी आग लागली. घरात माणसं जागी होती म्हणून निभावलं, पण अलार्म वाजलाच नाही. कमिटीने आम्हाला बोलावलं. पॅनलवर सगळे झोन हिरवे, एक पण फॉल्ट नाही. मामेभावाने पॅनलचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि गप्प मला बोलावलं. ईओएल (एंड ऑफ लाइन) रेझिस्टर, ज्यावरून पॅनलला वायर शेवटपर्यंत आहे हे कळतं आणि जो झोनच्या शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये असायला हवा, तो पॅनलच्या टर्मिनलवरच लावलेला! एकेका झोनचा एकेक. म्हणजे पॅनलला वाटतंय लाइन पूर्ण आहे, बाहेर वायरचा पत्ता नाही. छतावरचे डिटेक्टर फिरवून काढले तर बेसमध्ये वायरच नाही, नुसता स्क्रू मारून चिकटवलेला डबा. आणि ह्यावर फॉर्म बी सही होऊन गेलेला.

ते काम परत आम्हीच केलं. त्या एजन्सीवाल्याचं काही वाकडं झालं नाही, ऑफिस आमच्यापेक्षा मोठं आहे आज.

त्या वाईट काळात कोथरूडचे एक काका होते, रिटायर्ड बँकवाले, मुलगा आणि सून परदेशात. त्यांनी न मागता पाच वर्षांच्या मेंटेनन्सचे पैसे एकदम दिले आणि म्हणाले, "पावती सावकाश दे." त्यांच्याकडे देवघराबाहेर स्मोक बसवला होता, काकू दर गुरुवारी धूप घालायच्या आणि दर गुरुवारी तो कोकलायचा. काकूंनी धूप बंद करायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही डिटेक्टर पॅसेजमध्ये सरकवला, बेडरूमच्या दाराजवळ. तिथेच हवा तो, झोपलेल्या माणसाला उठवणं हे त्याचं खरं काम.

काका अजून आमची ती पीव्हीसी पाइपची काठी बघून हसतात, वर कप लावलेली, त्यात टेस्टचा स्प्रे बसवून खालूनच छताला लावायची. शिडी लागत नाही. हीट डिटेक्टरला मात्र हेअर ड्रायरच.

आता विषय निघालाच आहे तर, किचनमध्ये स्मोक लावू नका हो. मिरचीच्या ठसक्याला वाजेल, तुम्ही वैतागून बॅटरी काढाल आणि संपलं. तिथे हीट लावा, ५७ डिग्रीवाला, फिक्स्ड टेम्परेचरचा, रेट ऑफ राइज (तापमान झपाट्याने वाढलं की वाजणारा) नको, ओव्हन उघडला तरी दचकतो तो. फक्त हीट लावून पण भागत नाही, गादी धुमसत असेल तर खोलीभर धूर झाला तरी हीट ढिम्म राहतो. पंख्याच्या अगदी जवळ नको, भिंत आणि छताच्या कोपऱ्यात खुपसू नका, पेंटरला वरून रंग मारू देऊ नका. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. मागचं लेबल वाचा, दहा वर्षं झाली की बदला, वाजत असला तरी. जुन्या ऑफिसमधले आयोनायझेशनवाले (जुन्या पद्धतीचे स्मोक डिटेक्टर) निघाले तर भंगारवाल्याला देऊ नका, त्यात अमेरिशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो, सप्लायरलाच परत करा.

आणि तुमच्या सोसायटीत पॅनल असेल तर कमिटीला सांगा, पुढच्या वेळी फॉर्म बीवर सही करणारा आला की त्याच्यासमोर शेवटच्या मजल्यावरचा एखादा डिटेक्टर काढायला लावा. पॅनलवर फॉल्ट आला तर वायर आहे. नाही आला तर आम्हाला फोन करा, किंवा दुसऱ्या कुणाला करा, पण त्या निम्म्या रेटवाल्यांना नको.