सदर ते सेमिनरी हिल्स, अनवाणी

पहाटे साडेपाचला नागपुरातल्या सदर भागातल्या कॅथेड्रलसमोरून आम्ही तीसेक जण निघालो. उपवासकाळातला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला शुक्रवार होता. ‘क्रूसाची वाट’ चालायची होती: येशूच्या शेवटच्या वाटचालीतले चौदा प्रसंग, म्हणजे चौदा स्थानकं, आणि प्रत्येकाशी थांबून प्रार्थना. पुढे एक लाकडी क्रूस, मागे आम्ही अनवाणी. नागपुरात मार्च संपत आला की आठच्या आत टेकडी गाठावी लागते, नाहीतर डांबर पाय धरू देत नाही.

आई दर वर्षी चालते. मी यंदा पहिल्यांदाच आले. बाबा गेल्यानंतरचा हा पहिला उपवासकाळ.

बाबा कधीच चालले नाहीत. ते प्रोटेस्टंट घरातले, आई कॅथलिक. आमच्या जेवणाच्या ताटावर बायबलमधली पत्रं लिहिणारे पौल आणि याकोब दोघंही हजर असायचे. बाबा पौलाच्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढत: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, पाय भाजून विकत घेता येत नाही. आई लगेच याकोब 2:26 सांगे: क्रियांवाचून विश्वास मेलेला. मग बाबा चष्मा पुसत बसायचे. या भांडणावरून 16व्या शतकात युरोप दुभंगला, हे मला फार नंतर कळलं.

छावणीच्या पुढे पाचवं स्थानक झालं, सिरेनेचा शिमोन. त्याला शिपायांनी प्रभूचा क्रूस वाहायला धरून आणलं होतं, तो स्वखुशीनं आलेला नव्हता. सहाव्या स्थानकात व्हेरोनिका मात्र आपणहून पुढे येते, प्रभूचा चेहरा पुसते. मी शिमोनासारखी आले होते, आईनं ओढून. तळव्याला खडे टोचत होते आणि मनात बाबांचंच वाक्य: विकत घेता येत नाही.

खरं तर कॅथलिक शिकवणही विकत घेता येतं असं म्हणत नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं 1547 मध्येच म्हटलं की देवापुढे नीतिमान ठरण्याची कृपा आधीच्या कुठल्याही कृत्यानं कमावता येत नाही. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट, आणि कॅथलिकांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यातही हेच आहे, की देव आपल्याला केवळ कृपेनं स्वीकारतो आणि तीच कृपा चांगल्या कामाला बळ देते. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण बाबांना हे वाचून दाखवायला हवं होतं. त्यांच्या हयातीत मी ते शोधलंच नाही, याचं वाईट वाटतं.

जपानी गार्डन मागे पडलं, चढ लागला. इथं दर वर्षी बाबा स्कूटरवर पाण्याच्या कॅन घेऊन उभे असायचे. चालणाऱ्यांना पाणी द्यायचे, आईलाही. एकदा मी विचारलं, "बाबा, ही कृत्यं नाहीत का?" ते म्हणाले, "तहान लागलीय त्यांना."

शेजारच्या क्रूसावरच्या चोराला प्रभूनं स्वर्ग दिला तेव्हा त्याच्याजवळ एकही सत्कृत्य नव्हतं, हात तर खिळलेले. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा विचारतो तो भुकेल्याचा, तहानलेल्याचा हिशेब. मला दोन्ही खरं वाटतं. दोन्ही खरं मानणारा माणूस मी याच वळणावर पाहिलाय.

यंदा तिथं कोणीच नव्हतं. मी पिशवीतल्या दोन बाटल्या काढल्या आणि मागून येणाऱ्या म्हाताऱ्या मावशींपुढे एक धरली. मग आणखी एकीपुढे. वर बारावं स्थानक, प्रभूचा क्रूसावरचा मृत्यू, सुरू झालं होतं, आवाज खाली येत होता.

आईनं मागं वळून पाहिलं. "चालाले आली का पाणी वाटाले?" ती म्हणाली, आणि खाली येऊन दुसरी बाटली माझ्या हातातून घेतली.