आमची वाटचाल : 1300 किलोंचा हिशेब

भोसरीच्या भाड्याच्या शेडमध्ये 2006 साली मी आणि माझ्या भागीदाराने ट्रेलर बांधायला घेतले. दोन वेल्डिंग मशीन, गरजेपुरती मागवलेली क्रेन आणि त्याचा हात, एवढंच भांडवल. पुढची बरीच वर्षं फ्लॅटबेड म्हणजे सपाट ट्रेलर आणि कंटेनरसाठी नुसत्या सांगाड्याचे स्केलेटल बांधले. पगार वेळेवर झाले, देणी राहिली नाहीत. लिहायचं आहे ते कॉइल ट्रेलरबद्दल.

डोलवीच्या पोलाद कारखान्यातून चाकणला पत्र्याची कॉइल, म्हणजे गुंडाळी, येते. एकेक नग वीस-पंचवीस टनांचा. सपाट ट्रेलरवर लाकडी ठोकळे ठोकायचे, साखळ्या आवळायच्या आणि बोरघाट चढायचा. पनवेलचे अण्णा आमचे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. 2014 मध्ये त्यांच्या गाडीवरची कॉइल घाटात सुटली. ड्रायव्हर वाचला, केबिन चेपली. अण्णा शेडवर आले, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "शेठ, कॉइल बसेल अशी गाडी द्या. ठोकळ्यांवर माझा विश्वास उडाला."

आम्ही दोन बीमच्या मधे खाच काढली. कॉइल तिच्यात पाळण्यासारखी बसते, वजन खाली येतं, वळणावर गाडी डोलत नाही. पण खाच म्हणजे जादा लोखंड. ते वजन भरून काढायला साधा पत्रा सोडून हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा आणि म्हणून पातळ चालणारा, पत्रा घेतला. आमचा जुना ट्रेलर साडेसात टनांचा, हा 6,200 किलोंचा. म्हणजे दर खेपेला 1300 किलो जास्त माल, तोही कायद्यात बसून.

या पत्र्याला वेल्डिंग जपून करावं लागतं. उष्णता जास्त झाली की जोडाशेजारी ताकद जाते. भागीदार स्वतः उभा राहून वेल्डिंगचा एकेक थर घालून घ्यायचा. बीमला कॅम्बर असतो : रिकामी गाडी मधोमध थोडी उचललेली, माल बसला की सरळ. तो बीमच्या खालच्या कडेला (फ्लँजला) दोन टोकांमध्ये सुतळी ताणायचा, मधे स्टीलची मोजपट्टी लावायचा. 35 मिलिमीटर आले नाहीत तर बीम परत जिगवर, म्हणजे जोडणीच्या साच्यावर. किंगपिनपासून (ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणारी खीळ) पहिल्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांची मापं तर तो तीनदा घ्यायचा. तिथे फरक राहिला की गाडी तिरकी ओढते आणि टायर खाते.

मग मंजुरी. दहा टनांवरचा ट्रेलर म्हणजे टी4 वर्ग, केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खाली नमुना तपासणी, ट्रेलरसाठीच्या एआयएस 113 या मानकाप्रमाणे कागद. ड्रॉइंग, चासीची गणितं, ॲक्सल-टायरचे दाखले, ब्रेक, बाजूचे आणि मागचे गार्ड, दिवे, रिफ्लेक्टिव्ह टेप. खाचेमुळे बाजूचा गार्ड नेहमीच्या जागी बसेना, तो दोनदा नव्याने काढला. 2018 च्या एप्रिलमध्ये प्रमाणपत्र हातात आलं. 14 गाड्यांचं बुकिंग झालं, बँकेकडून पैसे उचलून 40 टन पत्रा यार्डात आणून टाकला.

आणि 16 जुलै 2018 ला केंद्राने ॲक्सलभाराची, म्हणजे एकेका ॲक्सलवर किती वजन चालतं याची, मर्यादा वाढवली. आमचा सगळा हिशेब पुढच्या ॲक्सलवर 6, मधल्या जोडीवर 19, ट्रेलरच्या तीन ॲक्सलवर 24, एकूण 49 टनांवर उभा होता. आता 7, 21 आणि 27 झाले, एकूण 55. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, सरकारने सहा टन दिले, तुमच्या 1300 किलोंना जादा पैसे कशाला मोजू? चार दिवसांनी देशभर मालवाहतूकदारांचा संप सुरू झाला, फोनही थांबले. 14 पैकी 10 बुकिंग गेली. शिवाय आमच्या कागदावर 24 लिहिलेलं. 27 टनांना विकायचं तर ब्रेकची चाचणी आणि चासीची गणितं पुन्हा.

त्याच महिन्यांत आमच्याच पट्ट्यातल्या ट्रेलर बांधणाऱ्या एका मोठ्या कारखानदाराने आमची खाच उचलली. सपाट ट्रेलर मंजूर करून घ्यायचा, पासिंग झालं की मधला पत्रा कापून खाच जोडायची, आणि आमच्यापेक्षा दोन लाखांनी स्वस्त विकायचा. कागदावर फ्लॅटबेड, रस्त्यावर कॉइल कॅरिअर. कापलेल्या क्रॉस मेंबरचं, म्हणजे आडव्या बीमचं, गणित कोणी केलं? आम्ही एका गार्डसाठी सहा आठवडे थांबलो होतो. तो आजही त्या गाड्या विकतो आणि त्याच्या माहितीपत्रकात आमच्या पहिल्या गाडीचा फोटो आहे. हे मी विसरणार नाही.

ऑक्टोबरमध्ये भागीदाराने वाटा काढून घेतला. मुलीचं लग्न ठरलं होतं, त्याला दोष देत नाही. पण त्या दिवशी शेड मोकळी वाटली.

राहिलेली चार बुकिंग अण्णांची. त्यांनी चारही गाड्यांचे पूर्ण पैसे आगाऊ दिले आणि म्हणाले, "कागद होईपर्यंत थांबतो. बिनकागदाची गाडी घाटात घालणार नाही." त्या पैशांवर मोठे ब्रेक चेंबर बसवले, पुन्हा चाचणी दिली. फेब्रुवारी 2019 मध्ये 27 टनांची मंजुरी आली. त्यानंतरचं सगळं बरं चाललं आहे.

नवीन मुलं शेडवर येतात, विचारतात, म्हणून सांगतो. पहिला पत्रा कापायच्या आधी ड्रॉइंग घेऊन तपासणी संस्थेत जा. ॲक्सल आणि ब्रेक आजच्या मर्यादेपेक्षा एक पायरी वरचे घ्या. मर्यादा एका रात्रीत बदलते, प्रमाणपत्र बदलायला महिने लागतात. आणि एकाच वजनाच्या हिशेबावर 40 टन पत्रा आणू नका.

गेल्या दिवाळीआधी अण्णांची पहिली गाडी पुन्हा रंगवायला आली. पोरांना सांगितलं, रंग नंतर, आधी सुतळी आणा. पट्टी भागीदाराचीच, जाताना शेडवर ठेवून गेलेला. गुडघे टेकून मी स्वतः माप घेतलं. 33 भरले.