ताळेबंदात दोनदा मोजलेले पाणी

सीना नदीच्या उपखोऱ्याचा जलताळेबंद तयार करण्याच्या कामात भूजलाचा भाग माझ्याकडे होता. अहिल्यानगरजवळ उगम पावून हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळणारी ही नदी पर्जन्यछायेच्या प्रदेशातून वाहते. पाऊस वर्षाला जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर, आणि शिवाय भीमा-सीना जोडबोगद्यातून उजनीचे पाणी येते, ते वेगळे दाखवावे लागते. हे कष्टाचे काम असले तरी त्याची पद्धत ठरलेली आहे. करमाळा तालुक्यातील एका पाणलोटात मात्र आकडे जुळेनात.

निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजतात. तेथे ऑक्टोबरची नोंद उत्तम होती, पण मार्चमध्ये दिसावी तेवढी घट जानेवारीतच दिसत होती. पीकपाहणीत बहुतेक जिराईत ज्वारी होती. म्हणजे उपसा झाला होता, परंतु त्याच्या जोडीचे पीक कागदावर नव्हते. त्याच वेळी उपग्रहचित्रावरून केलेल्या नकाशात जानेवारीत उघड्या पाण्याने व्यापलेले क्षेत्र वाढलेले होते, आणि गटातील एका सहकाऱ्याने ती वाढ जलसंधारणाचे यश म्हणून मसुद्यात घातलीही होती. शिवारात पाय न ठेवता नकाशाचा अर्थ लावण्याची ही सवय आमच्या क्षेत्रात वाढत आहे आणि ती मला घातक वाटते.

मी उपसा चाचणीसाठी त्या गावात गेले. विहिरीच्या कडेचे थर वाचता आले की अर्धे उत्तर तेथेच मिळते. वर हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला मांजऱ्या खडक, म्हणजे बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट, आणि त्याच्या बुडाशी गेरूचा लाल पट्टा. पाणी त्या पट्ट्याच्या वरच्या सांध्यातून पाझरत होते, खालचा काळा पाषाण कोरडा होता. पंप बंद केल्यावर पाणी किती वेळात किती चढते, हे मी खडू लावलेल्या पोलादी टेपने ठरावीक अंतराने मोजत राहिले. चढ अत्यंत मंद होता. अशा बेसाल्टमधून हाती येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरतात. पातळी एक मीटर उतरली, तर प्रत्यक्षात केवळ 20 मिलिमीटर पाणी उपसलेले असते.

तेथून वरच्या माळावर गेले तेव्हा नकाशावरचे निळे ठिपके समोर आले. डाळिंबाच्या नव्या बागांशेजारी प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी तुडुंब भरलेली होती. त्यांचे बांध चारही बाजूंनी जमिनीपेक्षा उंच होते आणि उतारावरचे पाणी आत येण्यासाठी कोठेही तोंड ठेवलेले नव्हते. बांधावरून आत सोडलेला पाइप खालच्या विहिरीकडे जात होता.

30 मीटर लांब, तितकेच रुंद आणि 3 मीटर खोल शेततळ्यात बाजूंचा उतार वजा जाता सुमारे 2,000 घनमीटर पाणी मावते. दोन टक्क्यांच्या हिशेबाने तेवढे पाणी काढण्यासाठी 10 हेक्टर क्षेत्राखालील पातळी एक मीटरने उतरावी लागते. पुढे उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी भरलेल्या तळ्यातून दिवसाला 6,000 लिटरांहून अधिक पाणी उडून जाते. जमिनीखाली ते सावलीत राहिले असते.

बागेचे मालक तेथेच होते. मी विचारले, “काका, विहिरीतलं पाणी विहिरीतच का नाही ठेवत?”

“मॅडम, विहिरीत ठेवलं तर ते माझं राहतं का? चहूबाजूंनी बोअर आहेत. तळ्यात आहे तेवढंच माझं.”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 मध्ये 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, पण दोनशे फुटांच्या आत कोणी किती उपसावे हे त्या माळावर कोणीच ठरवत नाही. तळे नसलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र लवकर आटणारी विहीर येते, आणि शेततळ्यांना अनुदान देताना त्याचा विचार होत नाही, याचा मला राग आहे.

बैठकीत मी मांडले की हे पाणी भूजलाच्या पुनर्भरणात एकदा आणि शेततळ्यांच्या साठवणीत पुन्हा, असे दोनदा जमेस धरले गेले आहे. वरिष्ठांचे म्हणणे असे की तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. मी ‘भूजलातून भरलेली तळी’ असा रकाना जोडून त्याची क्षमता साठवणीतून वजा केली. त्या पाणलोटापुरती ती दुरुस्ती मान्य झाली आहे. उरलेल्या उपखोऱ्यातील तळ्यांपैकी पावसाने भरणारी किती आणि पंपाने भरणारी किती, हे प्रत्येक तळ्याचे आवक-तोंड पाहिल्याशिवाय आणि पंप केव्हा व किती चालला हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. ती पाहणी मंजूर व्हावी म्हणून मी प्रस्ताव दिला आहे. तोपर्यंत उपखोऱ्याच्या एकूण साठवणीच्या आकड्याखाली सही करण्यास मी तयार नाही.