१६४० आणि ४६८६

एनजीसी ७६६२ या ग्रहीय तेजोमेघात कार्बन किती आहे, एवढाच माझा प्रश्न होता. देवयानी तारकासमूहातला हा निळसर गोळा विल्यम हर्शेलनं १७८४ मध्ये शोधला. सूर्यासारखा तारा उतारवयात बाहेरचे थर सोडून देतो, आतला तप्त गाभा उघडा पडतो आणि त्याच्या प्रकाशानं तो सुटलेला वायू वर्णपटात ठरावीक रेषांमध्ये चमकू लागतो; हाच ग्रहीय तेजोमेघ. ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं जुळून कार्बन बनतो. त्यातला किती वर आला, यावरून ताऱ्याचे शेवटचे दिवस कसे गेले ते कळतं.

अडचण प्रकाशाची आहे. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) ची हिरवी रेषा लख्ख दिसते. कार्बनच्या ठळक रेषा मात्र १५४९ आणि १९०९ जवळ, अतिनीलात. तो प्रकाश वातावरण खाली येऊच देत नाही. त्यामुळे दृश्य वर्णपट मी जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेतल्या दोन मीटरच्या दुर्बिणीतून घेतला आणि अतिनील वर्णपट आययूई उपग्रहाच्या संग्रहातून. २६ जानेवारी १९७८ ला सुटलेला हा उपग्रह १९९६ पर्यंत चालला. आरसा फक्त ४५ सेंटिमीटरचा, पण त्याचे वर्णपट आजही कुणालाही वापरता येतात. तो बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या लोकांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता हे दोन वर्णपट जोडायचे. आययूईचं मोठं छिद्र साधारण १० बाय २० विकलांचं (विकला म्हणजे आकाशातला कोन मोजायचं एकक), लंबगोल. आमची स्लिट, म्हणजे प्रकाश आत घेणारी फट, अगदी अरुंद. म्हणून रात्रभर स्लिट थोडी थोडी सरकवत तेजोमेघाचा तेवढाच तुकडा टिपला. मग उरली धूळ. वाटेतली धूळ अतिनील प्रकाश जास्त खाते, त्यामुळे कार्बन आहे त्याहून कमी भासतो. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आधी धूळ जुळव, कार्बनकडे मग बघ."

त्यासाठी हेलियम उपयोगी पडतं. आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हेलियमची एक रेषा १६४० ला, दुसरी ४६८६ ला. दोन्ही एकाच आयनाच्या, आणि पहिली दुसरीच्या साधारण साडेसहा ते सातपट हवी, हे सिद्धान्त सांगतो. माझ्या मोजणीत ती पाचपटीच्याही थोडी खालीच आली. ही तूट धुळीची मानली, तर धूळ किती ते निघतं. दुसरीकडे हायड्रोजनच्या लाल आणि निळ्या रेषांचं गुणोत्तर धुळीशिवाय २.८ च्या आसपास हवं. ते तीनच्या किंचित वर होतं. त्यावरूनही धूळ काढली.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली. ती त्रुटीच्या मर्यादेत सारखी होती! एक आकडा फक्त गिरवलीचा. दुसऱ्यात मी जन्मण्याआधी अवकाशातून घेतलेली नोंद होती. दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळ्या पिढ्या, आणि धूळ तेवढीच. मी खुर्चीतून उठले आणि थेट मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही आकडे दोनदा तपासले आणि म्हणाल्या, "आता काढ कार्बन."

संध्याकाळपर्यंत १५४९ आणि १९०९ वरून कार्बन निघाला. मग दृश्य वर्णपटातली ४२६७ ची फिकट कार्बन रेषा घेतली. तिनं अतिनील रेषांपेक्षा जास्त कार्बन सांगितला. हा तिढा जुना आहे, कितीतरी तेजोमेघांत दिसलेला. वायूत थंड, जड मूलद्रव्यांनी भरलेल्या गाठी असाव्यात, असं एक स्पष्टीकरण आहे. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मलाही पूर्ण पटत नाही, पण निदान ही तफावत धुळीच्या माथी मारायची वाट त्या दिवशी बंद झाली.