कलम १२ आणि न उचललेले पैसे

सोमवार, रात्री

आज दिवसभर एका तहाचं कलम १२ डोक्यातून गेलं नाही. १८६८ चा फोर्ट लारामीचा तह, अमेरिकेचं सरकार आणि तिथल्या मूळ रहिवाशांपैकी लाकोटा व इतर सू जमाती यांच्यातला. जमातींसाठी राखून ठेवलेल्या मुलखातली जमीन पुढे कधी सोडायची झालीच, तर जमातीतल्या किमान तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात, नाहीतर तो करार ग्राह्य नाही. इतकं स्पष्ट लिहिलंय.

हा तह म्हणजे उपकार नव्हता. मोंटानातल्या सोन्याकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवर सैन्याने किल्ले बांधले, तेव्हा लाकोटांचा नेता रेड क्लाउड दोन वर्षं लढला. किल्ले रिकामे झाले, मगच त्याने सही केली. आजच्या साउथ डकोटाचा मिसुरी नदीच्या पश्चिमेचा सगळा भाग लाकोटांकडे राहिला, ब्लॅक हिल्ससकट. त्या डोंगरांना ते पाहा सापा म्हणतात. आपले पूर्वज तिथल्या एका गुहेतून जमिनीवर आले, अशी त्यांची श्रद्धा आहे.

जेमतेम सहा वर्षं गेली. १८७४ मध्ये अमेरिकी सैन्याचा अधिकारी कस्टर हजाराहून जास्त माणसं घेऊन डोंगरात शिरला, फ्रेंच क्रीकला सोनं सापडलं, वर्तमानपत्रांनी ते गाजवलं आणि लोकांची रीघ लागली. त्यांना अडवणं सैन्याचं काम होतं. आधी थोडं अडवलंही. मग राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी गुपचूप काणाडोळा करायचं ठरवलं.

जून १८७६ ची लिटल बिगहॉर्नची लढाई, तिथे लाकोटा व त्यांच्या साथीदारांशी लढताना कस्टरचा मृत्यू, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला छळतो तो त्यानंतरचा ऑगस्ट. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा केला: डोंगर सोडा, नाहीतर शिधा बंद. रानगव्यांचे कळप संपत आलेले, राखीव मुलखाबाहेर शिकारीला जायची सोय उरलेली नाही, चूल पेटायची ती सरकारी शिध्यावर. मुलाबाळांच्या तोंडचा घास समोर धरून सह्या मागितल्या. तरीही सह्या मिळाल्या त्या सुमारे दहा टक्के पुरुषांच्याच. कुठे तीन चतुर्थांश आणि कुठे हे! फेब्रुवारी १८७७ मध्ये कायदा करून डोंगर घेतले ते घेतलेच. तिथली होमस्टेक ही सोन्याची खाण पुढे २००२ पर्यंत चालली.

रणांगणावर हार-जीत होते. उपाशी माणसापुढे कागद सरकवणं मला त्याहून कितीतरी हीन वाटतं.

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केलं की या जमिनीचा रास्त मोबदला दिलाच गेला नव्हता. १ कोटी ७१ लाख डॉलर, वर १८७७ पासूनचं पाच टक्के व्याज, मिळून साडेदहा कोटींच्या आसपास. सू जमातींनी ते पैसे उचलले नाहीत, आजतागायत नाही. सरकारी खात्यात ती रक्कम वाढून शंभर कोटी डॉलरच्या वर गेली आहे, आणि लाकोटांचा पाइन रिज हा राखीव मुलूख देशातल्या सर्वांत गरीब भागांत मोडतो. कुणी म्हणेल, घ्यावेत की, पोरं तरी शिकतील. मला ते पटत नाही. पैसे घेतले की १८७७ ची लूट विक्री ठरते, आणि त्यांनी काही विकलंच नव्हतं.

२०१२ मध्ये याच डोंगरांतलं पे स्ला नावाचं माळरान, त्यांच्या पूजेअर्चेची जागा, विकायला निघालं. तेव्हा जमातींनी एकत्र येऊन, देणग्या गोळा करून, सुमारे ९० लाख डॉलर मोजले आणि ते खासगी मालकाकडून विकत घेतलं. मोबदल्याच्या त्या खात्याला हात न लावता.